तिसऱ्या टेकमधला ण

१

दुपारचे दोन वाजून गेले आणि स्टॅनीने अशी बोंब ठोकली, की सातिवलीच्या त्या गोडाऊनचे पत्रे हलले.

"ड्राइव्ह गेला! मॉनिटरमधला ड्राइव्ह कुणी काढला?"

जेवून आलेली माणसं हात पुसत धावली. क्लेमेंट सर मात्र मॉनिटरशेजारच्या खुर्चीतच बसले होते. नुकतेच येऊन टेकले होते ते. खुर्चीवर हेडफोन पडलेला दिसला, म्हणून सवयीने कानाला लावला होता. आत चिटपाखरू बोलेना, म्हणून काढला. कान जरा चिकट लागला, तो रुमालाने पुसला. सेटवर काय, सगळंच चिकट असतं. एवढ्यात ही बोंब.

आता हा मॉनिटर म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर एवढ्या आरड्याओरड्याचं कारण कळायचं नाही. दिग्दर्शक ज्या पडद्यावर शूटिंग बघतो, तो हा पडदा. मोठ्या पाटीएवढा, काळा, चौकटीचा. पण हा नुसता दाखवत नाही, पाठीत ड्राइव्ह घातला की तोच रेकॉर्डही करतो, आवाजासकट. रेकॉर्डिंग चालू असलं की पडद्याला चारी बाजूंनी लाल रेघ येते. स्टॅनी त्याच्यावर इतका विसंबलेला, की कॅमेऱ्यात वेगळं कार्ड घालतच नसे. म्हणजे सकाळभराचं काम त्या एका ड्राइव्हवर होतं, आणि ड्राइव्हची जागा रिकामी होती.

मालिका वसईच्या मिठागरांवरची. गोडाऊनमध्ये मिठागरातल्या माणसांची झोपडी उभारली होती. दिग्दर्शक स्वप्ना, बोळिंजची, तिशीतली, तापट. आणि क्लेमेंट सर भाषा सल्लागार. पस्तीस वर्षं वसईच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. मुंबईच्या नटनट्यांना मिठागरातली बोली शिकवायची, 'पाणी'ला 'पानी' म्हणायला लावायचं, हे त्यांचं काम. सगळी हयात पोरांच्या तोंडातून तो 'न' उपटण्यात गेली, आणि म्हातारपणी तोच 'न' पेरायला बसले! सरांना स्वतःलाच याचं हसू यायचं.

"जेवायच्या वेळी आत कोण होतं?" स्वप्नाने विचारलं.

सगळे बाहेर शेडमध्ये जेवत होते. कोण मधेच उठलं, कोण नाही, कुणाच्या ध्यानात नव्हतं. पण जिजा चहाचं फडकं घेऊन आत गेलेली तिघांनी पाहिली होती.

जिजा सेटवर चहापाणी बघायची. मिठागराच्या गावची, पन्नाशी उलटलेली.

"मना काय ठाव नाय," ती म्हणाली. "चाय सांडली व्हती. पुसली नि आले."

"मग ड्राइव्हला पाय फुटले?" स्वप्ना कडाडली. "पाच वाजता मी पोलिसांना फोन करणार. दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ दे!" आणि मग ती सरांकडे वळली. "सर, तुम्ही इथले. या लोकांना तुम्ही ओळखता. ही खरं बोलतेय?"

सगळे सरांकडे बघू लागले. जिजाही बघू लागली. 'मला माहीत नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण शाळामास्तर तो, विचारल्यावर उत्तर द्यायची खोड.

सर म्हणाले, "या लोकांचं काही सांगता येत नाही."

२

वाक्य तोंडातून गेलं आणि सरांना कसंतरीच झालं. जिजा रडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पदर खांद्यावर ओढला आणि बाहेर पाण्याच्या पिंपाजवळ जाऊन बसली. दोन माणसं तिच्यावर नजर ठेवून उभी राहिली.

पस्तीस वर्षांत सरांनी शेकडो पोरांच्या भांडणांचा निवाडा केला होता. पुरावा नसताना कुणाला चोर म्हणायचं नाही, हे त्यांनीच फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलेलं. आणि आज? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर त्यांच्याच हातात. बरं, 'हे लोक' म्हणजे कोण? सरांच्या स्वतःच्या घरातली बोली तरी कुठे पुस्तकातली होती? रेजिनाशी, म्हणजे बायकोशी, ते आजही गावच्या बोलीत बोलत. पण उंबरठ्याच्या आत. ट्रेनिंग कॉलेजात त्या बोलीवरून पोरं हसली होती, तेव्हापासून त्यांनी तिला घराबाहेर येऊ दिलं नव्हतं.

अडीच वाजले होते. पाचाला पोलीस. सर उठले आणि पिंपाजवळ गेले.

"जिजा, मी बोललो ते चुकलं. मला शोधू दे. आत तू काय पाहिलंस?"

"चाय पायली."

"आणि माणूस?"

जिजा पिंपाच्या तोटीकडे बघत राहिली. थेंब थेंब गळत होतं, ते तिने करकचून बंद केलं. "पायला त पायला. सांगनार नाय."

म्हणजे हिने चोर पाहिला होता! सर पुढे वाकले. "अगं, तुझ्या पोरीबाळींची तरी लाज धर. पोलीस गाडीत घालून नेतील. गाव बघेल. नाव सांग आणि मोकळी हो."

"कुनाचा तरी तोंड वर आलाय, मास्तर. मी कशाला खाली घालू?"

"निदान माझ्या कानात सांग."

तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमाला त नायच सांगनार. तुमाला त बिलकूल नाय."

३

मलाच का नाही? सरांना हे कोडं ड्राइव्हपेक्षा जड वाटलं. पण घड्याळ थांबत नव्हतं.

त्यांनी स्टॅनीला गाठलं. स्टॅनी गावातलाच, मॉनिटर त्याचा स्वतःचा, लेकरासारखा जपलेला. तो उकळत होता.

"सर, स्वप्ना म्हणते मी रेकॉर्डचं बटणच दाबलं नाही, आणि आता चोरीचं नाटक करतोय. आईशप्पथ, लाल रेघ सगळ्यांनी बघितलीय!"

"बघितलीय. मीही सकाळी जाता-येता बघितली. आता मला सांग, यातलं एखादंच दृश्य कुणाला काढून टाकायचं असलं तर?"

"सोपंय. पडद्यावरच बोट लावायचं, ते एक पुसायचं. बाकीचं राहतं."

"आणि तुझे कोरे ड्राइव्ह?"

स्टॅनीने मॉनिटरच्या स्टँडला लटकवलेली पिशवी उघडली. दोन नवेकोरे ड्राइव्ह, वेष्टनासकट, जागच्या जागी होते.

सरांनी हनुवटी खाजवली. आता तुम्हीच बघा. विकायला चोरायचं, तर हाताशी लोंबणारे कोरे सोडून आतला वापरलेला कोण उपसेल? म्हणजे चोराला वस्तू हवी नव्हती, आतलं चित्र नाहीसं करायचं होतं. स्टॅनीला काही लपवायचं असतं तर त्याने एका बोटाने लपवलं असतं. चोराला एवढं ज्ञान नव्हतं. एक दृश्य पुसता येतं हे ठाऊक नाही, म्हणून अख्खा ड्राइव्हच उपटलेला.

"हेडफोन कुठे ठेवतोस रे तू?"

"इथे, हुकला. नेहमी."

"खुर्चीवर पडला होता."

"छे! मी मरेन पण हेडफोन खुर्चीवर टाकणार नाही."

कुठेतरी पाणी मुरत होतं. सरांनी घाम पुसायला रुमाल काढला आणि तसेच थबकले. रुमालावर गव्हाळ रंगाचा डाग होता. दुपारी कान पुसला होता, तोच हा रुमाल. हेडफोनच्या गादीला मेकअप लागला होता. कुणीतरी रंगवलेल्या चेहऱ्याने, ड्राइव्ह काढायच्या आधी, आतलं काहीतरी ऐकलं होतं.

जिजाने आयुष्यात तोंडाला रंग लावला नव्हता. मिठागरातल्या माणसांचं काम करणारे चौघे सकाळपासून काळ्याकुट्ट रंगात होते. गोऱ्या मुंबईकरांना 'तसं' दिसायला काळं फासलं होतं, आणि सरांना त्यात आजवर काही खटकलंही नव्हतं. गव्हाळ रंग सेटवर एकाच चेहऱ्यावर होता, कलेक्टरचं काम करणाऱ्या जितेशच्या.

पण का? सर स्वप्नाकडे गेले. तिच्या मांडीवर टेकचा कागद होता.

"सकाळी काय शूट झालं, स्वप्ना? मी तेव्हा बाहेर तालमी घेत होतो."

"कलेक्टर मिठागरवाल्यांचं गाऱ्हाणं ऐकतो, तो सीन. चार टेक. चौथा ओके."

कागदावर तिसऱ्या टेकपुढे लिहिलं होतं: 'रद्द. उच्चार. मज्जा!'

"ही मज्जा कसली?"

एवढ्या तापातही तिला हसू आलं. "अहो, आपला जितेश! एवढं शुद्ध बोलणारा माणूस, डोळ्यांत खरं पाणी आलं त्याच्या, आणि 'तुमचे शब्द माझ्या कानात आहेत' म्हणायचं, तर म्हणाला 'काणात'! काणात! सगळे लोळलो हसून. मी म्हटलं, उद्या याची रील टाकू, 'कलेक्टरच्या काणात'. धमाल चालेल."

सरांना हसू आलं नाही. त्यांच्या काळजाचं पाणी झालं.

ज्याच्या घरात ण आहे, तो 'काणात' म्हणत नाही. ज्याच्या घरात सगळा 'न'च आहे, तोही म्हणत नाही. 'काणात' कोण म्हणतं हे साऱ्या वसई तालुक्यात एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. ज्या पोराला 'न'साठी शिक्षा झाली आणि भीतीने ज्याने दिसेल त्या 'न'चा 'ण' करून टाकला, ते पोर.

४

जितेश मेकअपच्या खोलीत आरशासमोर बसला होता. कलेक्टरचा इस्त्रीचा शर्ट, भांग जागच्या जागी. शूटिंगच्या पहिल्या दिवशी सरांनी त्याचं बोलणं ऐकून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "याला म्हणतात मराठी! घरचे संस्कार लागतात." तो तेव्हा विचित्र हसला होता. "घरचे नाहीत सर, शाळेचे." सरांना वाटलं होतं, मुलगा विनयाने बोलतोय.

"ड्राइव्ह द्या, जितेशराव," सर म्हणाले.

जितेशने नाही म्हटलं नाही. पावडरचा डबा उघडला. पफखाली ड्राइव्ह होता.

"ओळखलंत मला?"

सरांनी त्याचा चेहरा आरशात पाहिला, मग समोरून पाहिला. "नाही."

"आठवत नाही की सांगवत नाही?"

"खरंच आठवत नाही."

"सातवी ब, सर. तुम्ही विचारलं होतं, तहान लागली की आपण काय पितो? मी हात वर केला. मीच केला. उत्तर येत होतं मला." जितेश थांबला. "मी म्हटलं, पानी. तुम्ही पाटी मागवलीत. तिच्यावर लिहिलंत, 'मी पानी पितो'. सुतळीने माझ्या गळ्यात अडकवलीत आणि पाचवीपासून दहावीपर्यंत एकेका वर्गात फिरवून आणलंत."

पाटी सरांना आठवली. अगदी सुतळीच्या गाठीसकट. स्टाफरूममध्ये त्यांनी तो किस्सा रंगवून सांगितला होता आणि सगळे हसले होते. पाटीमागचा चेहरा मात्र काही केल्या आठवेना. सर मटकन स्टुलावर बसले.

"त्यानंतर मी शाळेत कुणाकडे प्यायला मागितलं नाही. नळाला तोंड लावायचो. आणि घोकत बसायचो. पाणी, आणि, कोण, मण, काण. कुठला खरा, कुठला खोटा, काही कळेना. आज सगळं येतं मला. फक्त आतून भरून आलं की तो एक ण निसटतो. आज निसटला, आणि सगळे हसले. उद्या गावभर हसेल म्हणून... म्हटलं, ऐकून तर बघू, फार वाईट वाटतंय का. ऐकलं. ऐकवेना."

"आणि जिजा?"

आता जितेशची मान खाली गेली. "ती आली चहा पुसायला. ड्राइव्ह माझ्या हातात होता. बघितलं, पुसलं आणि गेली. माझ्या आईबरोबर मिठागरात टोपल्या वाहिल्यात तिने. मला कडेवर घेऊन फिरलीय. आणि इथे पंधरा दिवस झाले, मी तिला साधी हाक मारलेली नाही. लोकांना कळेल ना, मी कुठला ते."

"आणि तिला पोलीस नेणार, तरी तुम्ही गप्प?"

"तीनदा दारापर्यंत गेलो, सर. पाय पुढे जाईनात." त्याने ड्राइव्ह सरांच्या हातात ठेवला. "तुम्हीच सांगा सगळ्यांना. पाटी लावायची सवय तुम्हाला आहेच."

बाहेर स्वप्नाची हाक आली. पाचला पाच कमी होते.

५

सगळे झोपडीच्या सेटसमोर जमले होते. जिजाला आणून उभं केलं होतं. स्वप्नाच्या हातात फोन होता.

ड्राइव्ह मुठीत धरून सर पुढे झाले. नाव घ्यावं तर त्याच पोराच्या गळ्यात दुसऱ्यांदा पाटी. न घ्यावं तर जिजाच्या कपाळीचा डाग तसाच. असा पेच त्यांनी वर्गात कधी कुणाला घातला नव्हता.

त्यांनी ड्राइव्ह टेबलावर ठेवला. गलका उठला. स्टॅनी झडप घालून आला, ड्राइव्ह उलटसुलट करून बघू लागला.

"जिजाबाईंनी हा घेतला नाही," सर म्हणाले. "मी त्यांच्याबद्दल जे बोललो ते खोटं होतं, आणि ते मी सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर परत घेतो."

"मग घेतला कुणी?" स्वप्नाने विचारलं. "सर, नाव सांगा. मी सोडणार नाही."

"माझं लिहा."

"थट्टा करू नका!"

समोर मॉनिटर होता. कॅमेरा झोपडीकडेच तोंड करून उभा, त्यामुळे सरांना त्यात स्वतःच दिसत होते, छातीपर्यंत, काळ्या चौकटीत. स्टॅनीने कोरा ड्राइव्ह घालून बघितला असणार, पडद्याच्या चारी बाजूंनी लाल रेघ होती.

"सर, रेकॉर्डिंग चालू आहे, बंद करतो," स्टॅनी पुटपुटला.

"नको. चालू दे." सर म्हणाले. "एका मुलाला मी एकदा प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर बरोबर होतं. त्याच्या घरात ज्याला जे म्हणतात, तेच त्याने सांगितलं. मी त्याच्या गळ्यात पाटी अडकवून शाळेत धिंड काढली. माझ्या घरातही पुस्तकातली मराठी बोलत नाहीत. मी ते लपवलं आणि त्याला शिक्षा केली. आज सकाळी तुम्ही ज्या एका शब्दाला हसलात ना, तो शब्द मी घडवलाय. चोरीचं मूळ मी आहे. मला लाज वाटते. आणि त्याहून लाज याची वाटते की त्या मुलाचं नावसुद्धा मी लक्षात ठेवलं नाही."

 स्वप्नाचा फोन खाली आला. हसली होती ती, आणि तिला ते आठवलं असावं, कारण तिने टेकचा कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

मग मागून आवाज आला.

"जितेश बाळाराम म्हात्रे. सातवी ब."

कलेक्टरचा शर्ट घातलेला जितेश माणसांतून वाट काढत पुढे आला. वर्गात हजेरीला उभं राहतात तसा, हात शरीराला चिकटवून उभा राहिला.

"हजर, सर." आणि मग स्वप्नाकडे वळून म्हणाला, "मी घेतला ड्राइव्ह. जिजामावशीने बघितला व्हता, पन माझा नाव घेतला नाय. माझी रील टाकायची त टाक. मी मिठागरातला हाय."

सगळे 'न' ठिकाणावर होते. कुणी हसलं नाही. जिजाने मात्र तोंडाला पदर लावला.

रील कुणी टाकली नाही. पोलिसांनाही फोन गेला नाही. स्वप्ना जिजाजवळ जाऊन बराच वेळ हळू आवाजात बोलत होती आणि जिजा नुसती मान हलवत होती. माफ केलं की नाही, ते त्या मानेवरून कळेना. सामान आवरायला सुरुवात झाली. जितेश सरांच्या अंगावरून गेला. थांबला नाही. सरांनीही थांबवलं नाही, थांबवून बोलायचं काय?

ते पिंपाजवळ गेले. जिजा पेले विसळत होती.

"जिजाबाई, तुम्ही मला ओळखत होतात. पहिल्या दिवसापासून."

"त्या दिवशी त्याच्या गल्यातली पाटी मी सोडली व्हती, मास्तर. तशीच घालून घरी आलता पोर. गाठ सुटत नव्हती, कोयत्यान कापली."

सरांची मान वर होईना. आपण काहीतरी द्यायला हवं, निदान एक शब्द तरी, असं त्यांना वाटलं.

"जरा पानी द्याल?" ते म्हणाले.

जिजाचा हात थांबला. तिने पेला भरला, पदराने बूड पुसलं आणि त्यांच्यापुढे धरला.

"तुमी पाणीच म्हना, मास्तर," ती म्हणाली. तो ण तिने जिभेला मुद्दाम वळवून, जपून काढला होता. "आमचा 'न' तुमच्या तोंडात बरा नाय लागत."

सरांनी पेला दोन्ही हातांनी घेतला आणि खाली बघत सगळं पाणी प्यायले.